उतारावरील बी आणि आच्छादनाचे तत्त्व

भारतीय दर्शनांच्या परिभाषेत 'आवरण' हा शब्द बहुधा दोषवाचक म्हणून येतो. अद्वैत वेदान्ताने अविद्येच्या दोन शक्ती मानल्या आहेत : वस्तूचे खरे स्वरूप झाकते ती आवरणशक्ती आणि झाकलेल्या जागी भलतेच काही भासवते ती विक्षेपशक्ती; जैन कर्मसिद्धान्तातही आत्म्याचे ज्ञान झाकणाऱ्या कर्माला 'ज्ञानावरणीय' असे नाव आहे. याउलट ईशोपनिषदाच्या आरंभीच्या शब्दाचा अर्थ लावताना शंकराचार्यांनी तो झाकणे, पांघरणे या अर्थाच्या धातूवरून लावला आणि हे सारे जग ईश्वराने आच्छादावे असा त्याचा आशय सांगितला, तेव्हा तेथे झाकणे हीच साधना ठरली. एकाच क्रियेला एका ठिकाणी बंधन आणि दुसऱ्या ठिकाणी मुक्तीचा मार्ग मानायचे असेल, तर कोणते झाकणे राखते आणि कोणते कोंडते, हे ओळखण्याची काही कसोटी हवी. ही कसोटी केवळ शब्दांच्या चर्चेतून हाती लागणे कठीण आहे. म्हणून ज्या व्यवहारात झाकल्यावाचून चालत नाही आणि जास्त झाकूनही चालत नाही, असा एखादा व्यवहार जवळून पाहणे उपयोगी ठरते. डोंगरउतारावर नव्याने पेरलेल्या गवताच्या बियांवर कोणते आच्छादन घालावे, हा प्रश्न दिसायला लहान असला तरी याच जातीचा आहे.

हा प्रश्न कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत नेहमी उभा राहतो. रस्ता, लोहमार्ग किंवा घरासाठी डोंगर कापला की जांभ्याची आणि तांबड्या मातीची उघडी कड मागे राहते, आणि जूनमध्ये पाऊस धरला की त्या कडेवरची माती वाहू लागते. ती धरून ठेवण्यासाठी गवत पेरले जाते. परंतु गवत उगवून मुळे धरीपर्यंत मातीला आणि बियांना दोघांनाही पावसाचा मार सोसावा लागतो. पावसाचा मोठा थेंब पाचसहा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो पडला की मातीचे कण सुटून उडतात, आणि जमीन उताराची असल्याने उडालेल्या कणांपैकी बरेचसे खालच्या अंगाला जाऊन पडतात. कोकणातल्या मातीच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी झावळ्यांचा आडोसा करतात तो याच उडणाऱ्या शिंतोड्यांपासून त्या वाचाव्यात म्हणून. सुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसले की वर घट्ट पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबते, ते पृष्ठभागावरून वाहू लागते, आणि त्या वाहण्याला आधी बोटाएवढ्या चरी आणि पुढे घळी पडतात. गवताचे बी फार बारीक असते. ते सेंटीमीटरभरापेक्षा खोल गाडले तर बहुधा वरच येत नाही, आणि वरवर टाकले तर पहिल्याच सरीत मातीबरोबर उताराच्या तळाशी जाऊन बसते. ज्या गवताने माती धरायची, त्या गवताला उगवण्यासाठी आधी माती धरलेली हवी, असा हा पेच आहे. तो सोडवण्यासाठी मधल्या काळापुरते जे तिसरे काही घातले जाते, ते आच्छादन.

आच्छादन अंकुर निर्माण करीत नाही आणि त्याच्यावाचून या जागी अंकुर निघतही नाही. तेव्हा त्याला कारण म्हणावे की नाही, हा प्रश्न भारतीय तर्कपरंपरेला अपरिचित नाही. कोठारातले बी आणि शेतातले बी हा दृष्टान्त बौद्ध आणि नैयायिक यांच्या वादात शतकानुशतके फिरत राहिला. बौद्ध तार्किकांचे म्हणणे असे की ज्याच्यात अंकुर देण्याचे सामर्थ्य आहे ते बी अंकुर देतेच, आणि ज्याअर्थी कोठारातले बी तो देत नाही, त्याअर्थी शेतात अंकुरणारे बी हे क्षणाक्षणाला बदलत जाऊन झालेले निराळेच बी आहे; प्रत्यक्ष कार्य घडवणाऱ्या त्या अंतिम अवस्थेला त्यांनी 'कुर्वद्रूप' असे नाव दिले. नैयायिक उदयनाचार्यांनी 'आत्मतत्त्वविवेक' या ग्रंथात याला उत्तर दिले ते असे की बी तेच आहे, फक्त कोठारात त्याला माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणे मिळालेली नसतात. सहकारी म्हणजे मुख्य कारणाला कार्यापर्यंत पोहोचण्यासाठी ज्याची सोबत लागते ते. उतारावरचे आच्छादन हे अशा सहकाऱ्याचे उत्तम उदाहरण आहे. मात्र या उदाहरणात नैयायिकांची बाजू पुरी पडते असेही नाही. पाणी पिऊन फुगलेले बी पुन्हा कोठारात ठेवण्याजोगे राहत नाही; त्याचा मोड निघाल्यावर चार दिवसांचे ऊन लागले तर ते मरते, आणि पावसाची दुसरी सर कितीही भरघोस आली तरी त्याचा उपयोग होत नाही. भिजण्यापूर्वीचे बी आणि भिजल्यानंतरचे बी यांत काही तरी कायमचे बदललेले असते, एवढे बौद्धांचे म्हणणे येथे प्रत्यक्षाला धरून आहे. आच्छादनाची खरी गरज या दुसऱ्या बियाला असते, कारण त्याने सुरू केलेली क्रिया त्याला मागे घेता येत नाही.

सहकारी कारणांची गणना करणारे एक जुने बौद्ध सूत्र, 'शालिस्तम्ब सूत्र', या विषयाला आणखी जवळचे आहे. भाताच्या रोपाच्या उदाहरणाने प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सर्व काही अनेक कारणांवर अवलंबून उपजते हा सिद्धान्त, त्यात समजावला आहे. पृथ्वी बियाला धारण करते, पाणी त्याला ओलावा देते, तेज त्याला पक्व करते, वायू त्याला बाहेर काढतो, ऋतू त्याचे परिणमन घडवतो, अशी कामे वाटून देताना आकाशाच्या वाट्याला जे काम दिले आहे ते विलक्षण आहे : आकाश बियाला अडथळा न करण्याचे काम करते. न अडवणे, मोकळीक ठेवणे, यालाही तेथे कारणांच्या यादीत स्थान आहे आणि त्यासाठी वापरलेला शब्द 'अनावरण' असा आहे. सूत्रकारांनी पृथ्वीचे धारण आणि आकाशाचे अनावरण ही दोन वेगळ्या महाभूतांची कामे मानली. उतारावर काम करणाऱ्याला मात्र ती दोन्ही एकाच वस्तूकडून करून घ्यावी लागतात. त्याच्या आच्छादनाने थेंब अडवायचा असतो, पाणी अडवायचे नसते; दुपारचे ऊन सौम्य करायचे असते, उजेड बंद करायचा नसतो; माती जागच्या जागी धरायची असते, कोंबाला धरायचे नसते. भातलावणीच्या वेळी कोकणातला शेतकरी डोक्यापाठीवर इरले घेतो, ते बांबूच्या सांगाड्यात पाने बसवून केलेले असते आणि वाकलेल्या माणसाची पाठ ते पुरती झाकते. पण पुढची बाजू उघडी आणि दोन्ही हात मोकळे असतात, म्हणून भर पावसात त्याला रोप लावता येते. चांगल्या आच्छादनाची जात इरल्याची आहे.

सर्वांत साधे आच्छादन म्हणजे भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड. उतार सौम्य असेल, म्हणजे तीन मीटर आडवे जाताना एक मीटरहून जास्त उतरत नसेल, तर पेंढा पसरून भागते. त्याचे प्रमाण हेक्टरी साडेचार ते पाच टन, अर्थात चौरस मीटरला सुमारे अर्धा किलो, असे ठरलेले आहे. परंतु काम करणाऱ्यांना वजनापेक्षा नजरेची खूण अधिक विश्वासाची वाटते, आणि ती अशी की पेंढा पसरल्यावर उभ्याने पाहिले असता काड्यांच्या फटींतून निम्मी माती दिसत राहिली पाहिजे. माती मुळीच दिसेनाशी झाली तर बी उगवते, पण अंधारात उगवते. त्याचे कोंब पांढरे, लांब आणि लुळे निघतात आणि उजेडापर्यंत पोहोचण्यापूर्वी बियातला साठा संपून कोलमडतात. असा जाड थर उचलून पाहिला तर खाली माती ओली असते, एकही दाणा वाहून गेलेला नसतो, आणि तरीही सारी पेरणी वाया गेलेली असते. रक्षणाचा असा अतिरेक उणीवेपेक्षा अधिक फसवा असतो, कारण उणीव पहिल्या पावसातच उघडी पडते, तर अतिरेकाखाली जे मरते ते झाकलेलेच राहते. पेंढ्याच्या जागी वाळलेले गवत वापरण्यातही एक धोका असतो; त्यात त्याचे स्वतःचे बी असते, आणि रक्षणासाठी आलेले तेच पुढे जागा बळकावते.

उतार याहून तीव्र असेल तर सुटा पेंढा पाण्याबरोबर निघून जातो आणि विणलेले आच्छादन लागते. तागाची जाळीदार वीण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, मातीला लवकर चिकटते आणि साधारण एकदोन हंगामांत कुजून जाते. काथ्याची वीण अधिक चिवट असते, कारण नारळाच्या सोडणातल्या धाग्यात लिग्निन नावाचे काष्ठद्रव्य चाळीस टक्क्यांहून अधिक असते आणि ते सूक्ष्मजीवांना सहज पचत नाही. ओल्या उतारावरही ती दोनतीन वर्षे टिकते. या काथ्याच्या जाळीला भारतीय मानकांत 'भूवस्त्र' असे नाव दिले आहे, आणि चौरस मीटरला ४०० ग्रॅमपासून ९०० ग्रॅमपर्यंत तिचे प्रकार मिळतात. हलक्या प्रकाराची भोके सुमारे इंचभराची असतात, वजन वाढते तशी वीण दाट होते. हे नाव देणाऱ्यांच्या मनात ईशोपनिषदावरील भाष्य असण्याचे कारण नाही, पण वस्त्र हा शब्द आणि त्या भाष्याने आच्छादन या अर्थी लावलेला शब्द हे दोन्ही एकाच धातूपासून आलेले आहेत, आणि पृथ्वीला झाकणाऱ्या वस्तूला वस्त्र म्हणताना भाषेने एक भेद आपोआप पाळला आहे : वस्त्र हे अंगाच्या घडणीप्रमाणे पडते, झाकण तसे पडत नाही.

हाच भेद भूवस्त्र अंथरण्याच्या कामात निर्णायक ठरतो. उताराच्या माथ्यावर वीतभर खोल चर खणून त्यात वस्त्राचे वरचे टोक गाडतात, मग गुंडाळी वरून खाली सोडीत आणतात. जोड द्यायचा असेल तेथे कौलांप्रमाणे वरच्या तुकड्याचे टोक खालच्याच्या अंगावर येऊ देतात, आणि ठरावीक अंतरावर बांबूच्या खुंट्या किंवा तारेचे आकडे ठोकतात. नवख्या माणसाला वाटते की वस्त्र ताणून बसवले तर काम पक्के झाले. प्रत्यक्षात ताणलेले वस्त्र खळग्यांवरून तंबूसारखे अधांतरी राहते, पाणी त्याच्या खालून वाट काढते, आणि वरून सर्व नीटनेटके दिसत असताना आतून माती निघून जाते. म्हणून ढेकळे फोडून, दगड वेचून, जमीन आधी सारखी करून घ्यावी लागते आणि वस्त्र सैल सोडून हाताने दाबीत न्यावे लागते, म्हणजे ते प्रत्येक उंचवट्याला आणि खळग्याला टेकते. ज्याचे रक्षण करायचे त्याच्याशी स्पर्श नसलेले रक्षण, ते कितीही मजबूत असले तरी, त्याच्या नाशाला आडोसा पुरवते. धर्मसंस्थांच्या आणि राज्यसंस्थांच्या इतिहासात या विधानाची उदाहरणे शोधायला दूर जावे लागणार नाही.

निवडीत आणखी एक विचार येतो, आणि तो बियाच्या पलीकडचा आहे. काही आच्छादनांत पेंढा किंवा काथ्या प्लॅस्टिकच्या बारीक जाळीत बांधलेला असतो. गवत उगवून आले, पेंढा कुजला, तरी ती जाळी मागे राहते आणि तिच्या भोकांत साप व इतर लहान प्राणी अडकून मरतात. म्हणूनच अनेक ठिकाणी आता तागाच्या, आणि ज्यांचे धागे एकमेकांवरून सरकू शकतात अशा विणीच्या जाळ्यांचा आग्रह धरला जातो. जैन आचारशास्त्रात गृहस्थासाठी 'अनर्थदंडविरति' नावाचे व्रत सांगितले आहे. अर्थदंड म्हणजे जगण्याच्या एखाद्या प्रयोजनासाठी घडणारी, गृहस्थाला पुरती टाळता न येणारी हिंसा, आणि अनर्थदंड म्हणजे जिला प्रयोजनच नाही अशी हिंसा. प्रयोजन संपल्यावर मागे राहिलेली जाळी या दुसऱ्या वर्गात पडते. शिवाय आज सप्रयोजन असलेली वस्तू तिच्या टिकाऊपणामुळेच उद्या निष्प्रयोजन दंड देणारी होऊ शकते, असेही तिच्यावरून ध्यानात येते. टिकाऊपणा हा गुण कोणाच्या बाजूने मोजायचा, ते निवडीच्या क्षणीच ठरवावे लागते.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम ज्ञानाला कसे झाकतो हे सांगताना तीन दृष्टान्त आले आहेत : धुराने अग्नी, धुळीने आरसा आणि वारेने गर्भ. मूळ संदर्भात तिन्ही आवरणे ज्ञानाची अडचण म्हणूनच सांगितली आहेत, यात शंका नाही. तरी तिसरा दृष्टान्त पहिल्या दोघांहून वेगळ्या जातीचा आहे, हे उतारावरच्या बियाकडे पाहणाऱ्याच्या लक्षात येते. धूर अग्नीला पोसत नाही आणि धूळ आरशाला राखत नाही. वार मात्र गर्भाला झाकते तीच त्याला जगवतेही, आणि तिचे अडथळ्यात रूपांतर होते ते काळ भरल्यावर. आवरण दोष की रक्षण, हे अशा प्रकरणांत आवरणाच्या स्वरूपावरून ठरत नाही, काळावरून ठरते. पतंजलीच्या योगसूत्रांतील कैवल्यपादात शेतकऱ्याचा जो दृष्टान्त आहे, तोही या कालविवेकाशी जुळतो : शेतकरी पाणी हातांनी ओढून नेत नाही, तो फक्त बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने खालच्या वाफ्यात जाते. निमित्तकारण प्रकृतीला ढकलत नाही, अडथळा तेवढा दूर करते, असा त्याचा आशय. पण त्याच शेतकऱ्याने तो बांध कधीतरी घातलेलाही असतो, आणि बांध घालण्याची वेळ व फोडण्याची वेळ यांतला फरक ओळखणे हे त्याच्या शेतकीचे सार असते.

रक्षणात रक्षिताचा वाटा किती, हा प्रश्न रामानुजांनंतरच्या श्रीवैष्णव परंपरेत दोन न्यायांच्या रूपाने पुढे आला. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तसा जीवाने ईश्वराला धरण्याचा प्रयत्न करावा, हा मर्कटन्याय वडकलै पंथाने मानला. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही आणि आई त्याला तोंडात धरून नेते, तशी कृपा निरपेक्ष असते, हा मार्जारन्याय तेन्कलै पंथाने मानला. उतारावर हे दोन न्याय परस्परविरोधी न राहता क्रमाने येतात. दाणा असेपर्यंत त्याला स्वतःला धरून राहण्याचे कोणतेच साधन नसते, सारा भार आच्छादनावर असतो. पहिले मूळ मातीत उतरल्यावर मात्र धरण्याचे काम त्याचे होते, आणि मुळे दाटली की धरलेली मातीच आच्छादनाच्या धाग्यांना जागेवर ठेवू लागते. काही गवतांची मर्कटवृत्ती तर बीज असल्यापासूनची असते. सह्याद्रीच्या माळांवरच्या कुसळीच्या बियाला जो लांब पीळदार काटा असतो, तो ओल लागली की उलगडतो, सुकला की पुन्हा वळतो, आणि त्या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. त्याला वरून झाकणाऱ्याची गरज इतरांपेक्षा कमी पडते. अर्थात ईश्वरापुढील जीवाची असहायता बियाच्या असहायतेप्रमाणे चार आठवड्यांत संपते, असे दोन्ही पंथांपैकी कोणीही म्हटलेले नाही, आणि म्हणून हा दृष्टान्त परमार्थापेक्षा मानवी रक्षणसंबंधांनाच अधिक लागू पडतो.

एक आच्छादन असेही आहे की जे अंथरावे लागत नाही, पाळावे लागते. जैन आणि बौद्ध श्रमणांच्या वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यात प्रवास न करता एका जागी राहण्याच्या नियमाची, एक प्रेरणा अशी की पावसात नवे तृण आणि जीवजंतू पायाखाली येतात. पावसाळ्यातही हिंडणारे भिक्षू हिरवे कोंब तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर बुद्धाने हा नियम घातला, असे विनयपिटकात नमूद आहे. पाऊल आवरणे हेही अंकुरावर घातलेले पांघरूण आहे. पेरलेल्या उतारावर गुरे न सोडणे, माणसांची पायवाट पडू न देणे, हे झाले नाही तर चौरस मीटरला ९०० ग्रॅमचे भूवस्त्रही फाटते, आणि हे झाले तर सौम्य उतारावर हलका पेंढाही पुरतो.

मर्यादेचा उल्लेख केल्याशिवाय हा विचार प्रामाणिक राहणार नाही. गवताची बहुतेक मुळे मातीच्या वरच्या थरात पसरतात आणि ती तेवढाच थर धरतात. कित्येक मीटर खोलवर पाणी मुरून सबंध डोंगरउतारच सुटतो, तेव्हा गवताला आणि वस्त्राला काही करता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर जी दरड आली, तशा आपत्तीपुढे पेरणी हा उपाय नव्हे. तेथे भूगर्भाची तपासणी, पाण्याचा निचरा आणि वस्तीची जागा हेच प्रश्न खरे असतात. वरवरच्या रक्षणाने खोल धोका झाकला जाऊन खोटा निर्धास्तपणा आला, तर तेच आच्छादन पुन्हा अविद्येच्या आवरणशक्तीचे रूप घेते.

राहतो प्रश्न काळाचा. बुद्धाने धर्माला तराफ्याची उपमा दिली. नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये, असे त्याचे सांगणे होते. पेंढा, ताग आणि काथ्या यांची गती याहून थोडी निराळी आहे, कारण ते टाकावे लागत नाहीत. जेथे घातले तेथेच कुजून ते त्या मातीत जमा होतात. त्यांचा त्याग त्यांच्या घडणीतच आहे, आणि निवड करणारा माणूस ताग की काथ्या असे ठरवतो तेव्हा पाऊस कसा पडेल हे ठाऊक नसताना रक्षणाच्या समाप्तीची वेळच ठरवीत असतो. माणसाच्या रक्षणात अशी कुजण्याची सोय नसते. आईबाप, गुरू, पंथ, शासन यांचा धागा आपोआप विरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी समाप्ती नियमाने बांधून द्यावी लागते. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थाची वेळ सांगताना मनुस्मृतीने केवळ पिकलेले केस आणि सुरकुत्या या गृहस्थाच्या स्वतःच्या खुणांवर भागवले नाही. अपत्याचे अपत्य दिसणे ही खूणही तिने दिली, आणि ती रक्षिताच्या बाजूची आहे. उतारावरही सुरक्षित मानावी अशी खूण तीच आहे. गवत हिरवे झाले एवढ्याने आच्छादनाचे काम संपत नाही, कारण एका कोरड्या पंधरवड्यात ती हिरवळ जाऊ शकते. पावसाळा उलटून, दिवाळीच्या सुमारास, त्या गवताने स्वतः बी धरले आणि ते वाऱ्याने त्याच कडेवर झडले, म्हणजे खालच्या काथ्याने तुटायला हरकत नाही.